बंदूकभय, शिकारी कुत्र्यांतील

बंदुकीच्या बाराने शिकारी कुत्र्याला वाटणारी तीव्र भीती. लॅब्रॅडॉर, स्पॅनियल, पॉइंटर ही कुत्री सावज दाखवण्यासाठी किंवा पाडलेला पक्षी हुडकून आणण्यासाठी तयार करतात. बार होताच थरथरणारा, पळत सुटणारा कुत्रा या कामी निरुपयोगी ठरतो. भित्रेपणा काही अंशी आनुवंशिक असतो, तरी पुष्कळदा दोष शिकवणाऱ्याचाच. कोवळ्या पिल्लाजवळ एकदम बार काढायचा आणि ‘होईल सवय’ म्हणायचे! सवय होत नाही, भीतीच पक्की होते.

उपचाराचे तत्त्व जोसेफ वोल्पी यांनी मांजरांवरील प्रयोगांतून पुढे माणसांसाठी विकसित केलेल्या (१९५८) क्रमशः भयनिवारणाचे आहे. कुत्रा खेळात रमलेला असताना मदतनीस दूरवरून शर्यतीच्या पिस्तुलाचा बार काढतो आणि लगेच कुत्र्याला आवडता खाऊ मिळतो. आवाज आधी, खाऊ नंतर. क्रम उलटला तर खाऊच धोक्याची सूचना बनतो. कान टवकारून कुत्रा पुन्हा खेळू लागला, तरच पुढे अंतर घटवतात. दचकला, तर वाढवतात. बारा बोअरची बंदूक सर्वांत शेवटी. भीती अचानक उद्भवली असल्यास आधी पशुवैद्याकडून तपासणी करून घेतात, कारण अंगातल्या दुखण्यामुळेही आवाज असह्य होतो.