बागेतलं जेवण, बागेतलं पाणी

परवा नातीच्या वाढदिवसाला आम्ही एका मोठ्या हॉटेलात जेवायला गेलो. हिरवळीवर टेबलं मांडलेली, झाडांवर दिव्यांच्या माळा, आणि ताटात टोमॅटोच्या सॉसमधला पास्ता. नात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला हे फारच परकं वाटत असेल ना?" तेव्हा मी नुसता हसलो. आज तिला जरा सविस्तर उत्तर देतो.

पहिली गोष्ट, इटालियन माणूस या गावाला नवा नाही. निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा. 1653च्या सुमारास, पोरवयात घर सोडून निघाला. हिंदुस्थानात आधी दारा शुकोहच्या तोफखान्यात, पुढे वैद्य. औरंगजेबाचा मुलगा मुअज्जम 1678च्या सुमारास दख्खनचा सुभेदार म्हणून इथं आला, तेव्हा मनुची त्याच्या पदरी होता. नंतर हाच माणूस गोव्याच्या पोर्तुगीजांचा वकील म्हणून छत्रपती संभाजी महाराजांकडे गेला. म्हणजे आपल्या शहराच्या जुन्या आणि नव्या, दोन्ही नावांशी त्याचा संबंध आला!

आता गंमत पाहा. या मनुचीच्या समोर तो लाल पास्ता ठेवला असता, तर तोही चक्रावला असता. टोमॅटो मूळचा अमेरिकेतला. इटलीत त्याच्या सॉसची पहिली छापील कृती आली ती 1690च्या दशकात, नेपल्समध्ये, अंतोनियो लातिनी यांच्या पुस्तकात; आणि तीही 'स्पॅनिश पद्धतीची' म्हणून. आपली मिरचीसुद्धा त्याच खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आलेली. इथली नान-खलिया तुघलकाच्या फौजेबरोबर आली, असं आपणच सांगतो. तेव्हा आपलं आणि परकं ताटावरून निवडायला बसलो, तर ताटात फारसं काही उरायचं नाही.

मग बागेचं काय? बाग हा शब्द फारसी. पण बाग शब्दावर जगत नाही, पाण्यावर जगते. मलिक अंबरनं 1610 साली खडकी वसवली आणि उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून, निव्वळ उताराच्या बळावर गावात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या. त्यातल्याच एकीच्या पाण्यावर पाणचक्की फिरायची. पाणी उंचावरून हौदात पडे, चक्की दळण दळी, आणि ते पीठ दर्ग्यातल्या फकिरांच्या, यात्रेकरूंच्या भाकरीला जाई.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून एक आठवण देतो. अथेन्सच्या एपिक्यूरसची शाळा एका बागेतच भरे. लोक त्याला सुखवादी म्हणतात. पण तिथलं जेवण साधं, भाकरी आणि पाणी. थोडं चीज मिळालं तर मेजवानी. आणि त्या बागेत बायका, गुलाम यांनाही जागा होती. पाणचक्की काय, ती बाग काय, दोन्हीकडे विचार होता तो कोण जेवणार याचा.

आज नहरी बहुतेक मोडल्या आहेत. पैठणचं पाणी उपसून आणतो, तरी गेली कित्येक वर्षं अनेक वसाहतींत नळ काही दिवसांआडच येतो. माझ्या घरीही पिंप भरून ठेवावं लागतं. त्या रात्री हिरवळ ओली होती. पास्ता मी आवडीनं खाल्ला, खोटं कशाला सांगू? पण पायाखालचा तो ओलावा मात्र मला परका वाटला. नातीला हे सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून आज तुमच्यासमोर सांगितलं.