हायडेलबर्ग विद्यापीठ
हायडेलबर्ग विद्यापीठ हे आजच्या जर्मनीतील सर्वांत जुने विद्यापीठ होय. पोप सहावा अर्बन याच्या अनुमतीने पहिल्या रुप्रेख्टने १३८६ मध्ये ते स्थापिले. तीस वर्षांच्या युद्धात शहर पडल्यावर येथील अमूल्य 'पॅलाटिना' ग्रंथसंग्रह १६२३ मध्ये रोमला नेण्यात आला; त्यातील जर्मन हस्तलिखिते १८१६ मध्ये परतली, लॅटिन हस्तलिखिते मात्र बहुतांशी तेथेच राहिली.

जुनी इमारत अठराव्या शतकातील, बरोक शैलीची आहे. तिच्या मागील बाजूस विद्यार्थ्यांसाठी चक्क तुरुंग होता. कैद्यांनी रंगविलेल्या त्याच्या भिंती आजही पाहावयास मिळतात. अमेरिकी देणग्यांतून १९३१ मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीवरील 'जिवंत चैतन्यास' हा अर्पणलेख नाझी राजवटीत 'जर्मन चैतन्यास' असा बदलण्यात आला. युद्धानंतर मूळ शब्द पुन्हा बसविले गेले.

खंडोबा व धनगर समाजाचे अभ्यासक ग्युंटर सोन्थायमर याच विद्यापीठात अध्यापन करीत.