एक कायदा, तीन देश

गर्भपात हा विषय आपल्या अंकात सहसा येत नाही. गणपती, हळदीकुंकू, मुलांची मराठी शाळा यांच्या पंक्तीत तो बसत नाही, हे खरे. पण देश बदलला की कायदा बदलतो आणि तो कधीकधी जिवावर बेततो, हे परदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी जाणून घ्यायला हवे. म्हणून हा थोडा इतिहास.

सुरुवात व्हिक्टोरिया राणीच्या काळात होते. १८६० साली भारतीय दंडविधान मंजूर झाले. त्याच्या कलम ३१२ नुसार गर्भपात गुन्हा ठरला. अपवाद फक्त स्त्रीचा जीव वाचवण्याचा. पुढच्याच वर्षी, १८६१ मध्ये, इंग्लंड व आयर्लंडसाठी झालेल्या कायद्यात तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. म्हणजे मुंबई, लंडन आणि डब्लिन या तिन्ही शहरांतील स्त्री एकाच राज्यकर्त्यांच्या कायद्यात अडकली होती. वाटा फुटल्या त्या शंभर वर्षांनी.

ब्रिटनमध्ये डेव्हिड स्टील या तरुण खासदाराने मांडलेले विधेयक १९६७ साली मंजूर झाले. दोन डॉक्टरांच्या संमतीने गर्भपात कायदेशीर झाला. भारतात सरकारने १९६४ साली समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे तेव्हा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. समितीचा अहवाल १९६६ साली आला, १९७१ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला.

आयर्लंड मात्र उलट दिशेला गेले. १९८३ साली सार्वमत घेऊन तिथे घटनेत आठवी दुरुस्ती झाली. आईच्या जिवाचा आणि गर्भाच्या जिवाचा हक्क समान मानला गेला. परिणाम काय झाला? गर्भपात थांबले नाहीत, ते समुद्र ओलांडून गेले. एकट्या २००१ साली इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात करून घेणाऱ्या ६,६७३ स्त्रियांनी आपला पत्ता आयर्लंडचा दिला होता. खोटा पत्ता देणाऱ्या वेगळ्याच. १९९२ साली तर बलात्कारातून दिवस गेलेल्या १४ वर्षांच्या मुलीला देश सोडण्यास न्यायालयाने मनाई केली. ती मनाई सर्वोच्च न्यायालयाने उठवली आणि त्याच वर्षीच्या सार्वमतात प्रवासाचा हक्क मान्य झाला. पण प्रवासाला पैसे लागतात, रजा लागते आणि परकीय नागरिकाला व्हिसाही लागतो. व्हिसाच्या रांगेत उभे राहिलेल्या आपल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

उत्तर आयर्लंडची तऱ्हा तर आणखी निराळी. तो ब्रिटनच्याच राज्याचा भाग. पण १९६७ चा कायदा तिथे लागू नव्हता. तिथल्या स्त्रिया कर भरत होत्या, तरी इंग्लंडमध्ये आल्यावर २०१७ पर्यंत त्यांना गर्भपाताचे पैसे स्वतः मोजावे लागत. तिथला जुना कायदा २०१९ च्या ऑक्टोबरात मागे पडला.

सविता हलप्पनवार हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. माहेर बेळगावचे, दंतवैद्य, वय ३१. ऑक्टोबर २०१२ मध्ये १७ आठवड्यांची गरोदर असताना तिला गॉलवेच्या रुग्णालयात दाखल केले. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. तिने गर्भपाताची विनंती केली. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते, म्हणून ती नाकारली गेली. २८ ऑक्टोबरला जंतुदोष रक्तात भिनून ती गेली. उपचारांतही हयगय झाल्याचे चौकशीत निघाले. पण डॉक्टरांचे हात कायद्याने बांधले होते, हेही तितकेच निघाले. बेळगावातच असती तर १९७१ च्या कायद्याने तिची विनंती मान्य होऊ शकली असती. तिच्या आईवडिलांनी पुढे आयर्लंडच्या मतदारांना दुरुस्ती रद्द करण्याचे आवाहन केले. २५ मे २०१८ रोजी ६६.४ टक्के मतांनी ती रद्द झाली. जानेवारी २०१९ पासून तिथे १२ आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे.

रसायनशास्त्राच्या माणसाला यात एक गोष्ट विशेष खटकते. मिफेप्रिस्टोन हे औषध १९८० साली फ्रान्समध्ये तयार झाले. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची जागा अडवून ते काम करते. फ्रान्सने ते १९८८ साली मान्य केले, ब्रिटनने १९९१, अमेरिकेने २०००, भारताने २००२ साली. आयर्लंडमध्ये मात्र टपालाने मागवलेली हीच गोळी कस्टमवाले जप्त करीत. रेणू तोच, शरीर तेच. बदलला तो फक्त पत्ता.

कायदा झाला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. आयर्लंडमध्ये २०२३ च्या सरकारी आढाव्यात १९ पैकी ११ प्रसूतिरुग्णालयांतच पूर्ण सेवा मिळत असल्याचे दिसले. आपल्याकडे शहरात जे जवळच्या दवाखान्यात होते, त्यासाठी खेड्यातल्या बाईला एसटीने तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागते. अमेरिकेत जून २०२२ च्या निकालानंतर एका राज्यात गुन्हा आणि शेजारच्या राज्यात हक्क, अशी स्थिती आली.

या प्रश्नावर आपल्या मंडळातही मते वेगवेगळी असणार आणि ती असावीत. पण आपल्या मुली-सुना शिक्षणासाठी, नोकरीसाठी गावे बदलतात. तेव्हा आपण घरभाडे विचारतो, हवामान विचारतो, वाणसामानाचे भारतीय दुकान विचारतो. अडचणीच्या वेळी तिथल्या दवाखान्यात काय करता येते आणि काय येत नाही, हेही एकदा विचारून ठेवावे. आणि तिने ते घरात बोलून दाखवले, तर आपण ऐकून घ्यावे.