परवाना कुणी द्यायचा? डॉ. बॉनहॅमचा खटला (१६१०)

१/ खरा वैद्य कोण आणि भोंदू कोण, हे ठरविण्याचा अधिकार वस्तुतः राज्यसत्तेचा. पण राजाला नाडीपरीक्षा कुठली येणार? म्हणून तो दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवावा लागतो. इंग्लंडमध्ये १५११ च्या कायद्याने तो चक्क धर्मगुरूंकडे गेला. लंडनमध्ये वैद्यकी करू इच्छिणाऱ्याची परीक्षा तेथील बिशप किंवा सेंट पॉल कथीड्रलचा डीन घेई. मदतीला चार डॉक्टर असत, एवढीच सोय.

२/ १५१८ साली आठव्या हेन्रीने सनद देऊन वैद्यांचे कॉलेज स्थापिले. पुढे संसदेनेही तिच्यावर शिक्कामोर्तब केले. शहरात व सभोवतालच्या सात मैलांत परवान्याविना वैद्यकी करणाऱ्यास महिन्याला ५ पौंड दंड. त्यातला अर्धा राजाला, अर्धा कॉलेजला. हा दुसरा अर्धा ध्यानात ठेवावा.

३/ टॉमस बॉनहॅम हा केंब्रिजचा वैद्यकातील डॉक्टर. १६०६ मध्ये कॉलेजने त्याला परीक्षेत नापास केले. त्याने वैद्यकी सोडली नाही. आधी ५ पौंड दंड झाला, मग १०. अखेर ‘विद्यापीठाच्या पदवीधरांवर तुमची सत्ताच नाही’ असे त्याने तोंडावर सुनावले, तेव्हा कॉलेजने त्याला तुरुंगात धाडले.

४/ बेकायदा कैदेबद्दल बॉनहॅमने दावा लावला. मुख्य न्यायाधीश होते एडवर्ड कोक. १६१० मध्ये बहुमताने निकाल बॉनहॅमच्या बाजूने लागला. कोक यांनी सनदेचे कलम अक्षरशः चिमट्यात धरून वाचले: कैदेची शिक्षा चुकीच्या उपचारांसाठी आहे, परवाना नसणे हा निराळा अपराध, त्याला फक्त दंड, तोही महिनाभर वैद्यकी केल्यावर. शिवाय दंडाचा वाटा घेणाऱ्या कॉलेजने स्वतःच पक्षकार, न्यायाधीश आणि अंमलदार व्हावे, हे त्यांना मान्य नव्हते. असा कायदा संसदेने केला तरी तो रद्दबातल ठरेल, असेही ते म्हणून गेले. हेच वाक्य पुढे अटलांटिकपार गाजले. त्या गाजावाजात वैद्यांचा मूळ तंटा मात्र झाकला गेला, हे खटकते.

५/ १८५८ च्या मेडिकल अ‍ॅक्टने साऱ्या देशासाठी एकच नोंदवही आणि ती राखणारी जनरल मेडिकल कौन्सिल निर्माण केली. दंडाचा वाटा आता नव्हता. पण नाव नोंदविणे आणि निंद्य वर्तनाबद्दल खोडणे, दोन्ही व्यवसायाच्याच हाती राहिले. मुंबई इलाख्याने १९१२ च्या कायद्याने मेडिकल कौन्सिल नेमली, तीही याच वळणाची.

६/ नाव खोडले जाणे म्हणजे डॉक्टरची रोजीरोटी जाणे. तरीही इंग्लंडमध्ये त्याविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाचा हक्क १९५० च्या कायद्याने मिळाला. चौकशी करणारे आणि निवाडा देणारे वेगळे करण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण सेवा सुरू झाली ती २०१२ साली. कोक यांच्या निकालाला तेव्हा ४०२ वर्षे झाली होती.