नावात चार, कुळात दोन

साहित्यविषयक लेखांच्या रांगेत ग्राफिक्स कार्डासारखा विषय आणून बसवला म्हणून काही वाचक भुवया उंचावतील, याची आम्हांला कल्पना आहे. परंतु बेताच्या पैशांत कार्ड निवडणे हा मुळात वाचनाचाच प्रश्न आहे, असे आमचे मत आहे. खोक्यावर छापलेल्या नावातील कोणत्या अक्षराला किती वजन द्यावे आणि काय छापलेले नाही हे कसे ओळखावे, याचे शिक्षण खिसा हलका असलेल्या ग्राहकाला गेली पंचवीसएक वर्षे ठेचा खात घ्यावे लागले आहे. ज्याच्यापाशी पैसा मुबलक, त्याने सर्वांत मोठा आकडा उचलावा. त्याला वाचता आले नाही तरी फारसे बिघडत नाही.

स्वस्त कार्ड म्हणजे फसवणूक, असे मात्र नव्हे. सिलिकॉनच्या एका चकतीवर अनेक चिपा एकदम घडवल्या जातात आणि त्यांतील काहींत दोष राहतोच. दोषी भाग बंद करून उरलेली चिप कमी किमतीला विकणे हा या धंद्याचा जुना आणि रास्त रिवाज आहे. एटीआय कंपनीचे रेडिऑन ९७०० प्रो २००२ च्या ऑगस्टमध्ये आले. त्याच्या चिपेत चित्रबिंदू घडवणाऱ्या आठ वाहिन्या होत्या. त्याच चिपेतील चार वाहिन्या बंद करून थोड्याच काळात रेडिऑन ९५०० विकायला आले. मौज अशी की बंद केलेल्या वाहिन्या दर वेळी नादुरुस्त असतच असे नाही. हौशी मंडळींनी ड्रायव्हरमध्ये फेरफार करून त्या उघडल्या. काहींना ९५०० च्या पैशांत जवळजवळ ९७०० लाभले, तर काहींच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटले आणि त्यांनी मुकाट्याने जुना ड्रायव्हर परत घातला. पण येथे नाव प्रामाणिक होते. कमी वस्तूला कमी आकडा दिलेला होता.

याच वर्षीच्या ६ फेब्रुवारीला एनव्हिडियाने जीफोर्स ४ या नावाखाली दोन घराणी जाहीर केली होती. एक टीआय आणि दुसरे एमएक्स. त्याआधीच्या वर्षी आलेल्या जीफोर्स ३ ने या क्षेत्रात मोठा पालट घडवला होता. प्रत्येक चित्रबिंदूचा रंग कसा ठरावा, याचे छोटे प्रोग्राम खेळ लिहिणाऱ्याला स्वतः रचता येऊ लागले; त्यांना पिक्सेल शेडर म्हणतात. पाण्यावरची लकाकी आणि ओल्या दगडाची चमक यामागे तेच असतात. जीफोर्स ४ टीआयमध्ये हे सामर्थ्य होते, एमएक्समध्ये नव्हते. स्मृतीची व्यवस्था सुधारलेली होती हे खरे, पण चित्र घडवणारा गाभा जीफोर्स २ च्या वंशातला होता. म्हणजे नावात चार, कुळात दोन, आणि मधला तीन दोघांनाही न विचारता गाळलेला. एमएक्स ४४० ची किंमत १४९ डॉलर ठेवली होती. साधारण तेवढ्याच पैशांत जीफोर्स ३ टीआय २०० हे जुन्या आकड्याचे, पण अधिक जाणते कार्ड मिळू शकत होते. किती जणांनी तीन सोडून चार उचलला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

‘डूम’चे कर्ते जॉन कारमॅक यांनी या नामकरणावर त्याच महिन्यात जाहीर टीका केली आणि ‘डूम’साठी एमएक्स घेऊ नका, असे स्पष्ट सांगितले. परंतु असले लेखन वाचतो कोण? ज्याला सल्ल्याची गरज सर्वांत जास्त, त्याच्यापर्यंत तो सर्वांत शेवटी पोहोचतो. २००३ च्या अखेरीस ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ आला, तेव्हा त्याच्या आवश्यकतांमध्ये जीफोर्स ३ होते आणि जीफोर्स ४ एमएक्स चालणार नाही असा खुलासा होता. तीन चालते, चार चालत नाही, हे वाक्य ज्या मुलाने घरच्यांना समजावून सांगण्याचा प्रयत्न केला असेल त्याची आम्हांला आजही कीव येते. दैवगती अशी की कारमॅक यांचा ‘डूम ३’ २००४ मध्ये आला तो मात्र एमएक्सवर चालला. एवढ्या घरांत शिरलेल्या कार्डाला दाराबाहेर ठेवणे कोणाला परवडणार?

आमचाही एक धडा सांगतो. कार्डाचे आणि दुकानाचे नाव घेत नाही. २००४ साली पहिल्या नोकरीतून साठवलेले साडेतीन हजार रुपये घेऊन आम्ही लॅमिंग्टन रोडवर गेलो (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असते, पण तसे कोणी म्हणताना ऐकलेले नाही). वाचून गेलो होतो. चिप आणि तिची स्मृती यांमधला रस्ता १२८ बिट रुंदीचा हवा, ६४ चा असेल तर तेवढ्याच वेगात निम्माच माल वाहून जातो, हे पाठ होते. “एकशे अठ्ठावीस आहे ना?” आम्ही विचारले. “एकशे अठ्ठावीसच आहे, साहेब,” दुकानदार म्हणाले. घरी आल्यावर कळले की स्मृती १२८ मेगाबाइट होती आणि रस्ता ६४ बिटचा. ते खोटे बोलले नव्हते. खोक्यावर मेगाबाइट ठळक होते आणि रुंदी कोठेच नव्हती.

सुगीही आली. ऑक्टोबर २००७ मधले ८८०० जीटी आणि जून २००८ मधले १९९ डॉलरचे रेडिऑन एचडी ४८५० यांनी मधल्या किमतीच्या ग्राहकाला जे दिले, ते त्याआधी क्वचितच मिळाले होते. रेडिऑनच्या धक्क्याने एनव्हिडियाला नुकत्याच आणलेल्या जीटीएक्स २६० ची किंमत काही आठवड्यांतच ३९९ वरून २९९ डॉलरवर आणावी लागली. स्पर्धा असली की नावे थोडी खरी बोलू लागतात, असे म्हणावे तर तेही टिकत नाही. ८८०० जीटी पुढे ९८०० जीटी झाले, आणि ९८०० जीटीएक्स प्लस २००९ मध्ये जीटीएस २५० म्हणून पुन्हा बारशाला बसले. पाळण्यात बाळ तेच होते.

पुढचा काळ झरझर ओलांडता येतो, कारण युक्ती तीच आहे. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० ची ६ आणि ३ जीबी अशी दोन रूपे विकली गेली. ग्राहकाला वाटे, फरक स्मृतीचा. प्रत्यक्षात गणनेचे घटकही १२८० वरून ११५२ वर आले होते. २०१८ मध्ये जीटी १०३० ची डीडीआर४ आवृत्ती आली, तेव्हा स्मृतीचा प्रवाह सेकंदाला ४८ जीबीवरून १७ च्याही खाली गेला, आणि नावातले एक अक्षरही बदलले नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० ही १६ आणि १२ जीबी अशी दोन कार्डे जाहीर केली. त्यांतही धाकट्याची चिप थोरल्याहून बरीच लहान होती. ओरड झाली, आणि १४ ऑक्टोबरला कंपनीने नाव बरोबर नसल्याचे मान्य करून १२ जीबीचे ४०८० मागे घेतले. पुढच्या जानेवारीत ते आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने शंभर डॉलर कमी किमतीला आले. मागे घेतलेल्या त्या कार्डाची किंमत ८९९ डॉलर होती. जीटी १०३० चे नाव मागे घेतले गेले नाही.