पाटील : एक हुद्दा आणि अनेक माणसे



सुरत शहराच्या दक्षिण अंगास पांडेसरा नावाची वस्ती आहे. तेथे गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत असून कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्या तीत पुष्कळ आहेत. भोवतालच्या चाळींतून अहिराणी आणि मराठी बोल कानी पडतात, आणि दुकानांच्या पाट्या वाचीत गेले तर एक आडनाव पुनःपुन्हा समोर येते. ते म्हणजे पाटील. एखादा परका मनुष्य सहज समजेल की ही एकाच भावकीची माणसे असावीत. वास्तविक त्यांपैकी अनेकांचा एकमेकांशी रक्ताचा सुतराम संबंध नसतो. हे नाव मुळात कोणा कुळाचे नव्हेच. ते एका कामाचे नाव आहे. ते काम बुडाले, नाव तेवढे राहिले, आणि त्या नावाखाली किती निरनिराळ्या तऱ्हेची आयुष्ये जगली गेली, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

जुन्या लेखांत ‘पट्टकिल’ असा शब्द येतो. त्याचेच रूप मराठीत पाटील आणि गुजरातीत पटेल झाले, असे अभ्यासक मानतात. पाटील म्हणजे गावचा मुखिया, मोकदम. सारा वसूल करावा, पडीक जमीन लागवडीस आणावी, भांडणतंटे गोतापुढे मांडावे, चोराचा माग काढावा, ही त्याची कामे. मोबदल्यात इनाम जमीन, गावकऱ्यांकडून हक्क, आणि पोळ्याला-होळीला पहिला मान. हे वतन वंशपरंपरेने चाले. ते विकता येई, त्याच्या वाटण्याही होत; म्हणून कागदोपत्री ‘निम्मी पाटीलकी’ असे शब्द भेटतात.

अधिकार आला म्हणजे त्याचा दुरुपयोगही आलाच. रांझे गावच्या पाटलाने बदअंमल केला, तेव्हा शिवाजी महाराजांनी 1646 साली त्याचे हातपाय तोडविले, वतन काढून घेतले आणि ते त्याच्याच गोतातील दुसऱ्या गुजरास दिले. महाराजांची मुद्रा असलेल्या अगदी आरंभीच्या पत्रांत या पत्राची गणना होते. आपल्या चित्रपटांतून मिशीवर ताव देणारा जुलमी पाटील आपण पाहतो; तो सर्वस्वी कल्पनेतून आला, असे म्हणता यावयाचे नाही. उलट दुसरे टोक महादजी शिंद्यांचे. उत्तर हिंदुस्थानात दिल्लीच्या बादशहाचा कारभार ज्यांच्या हाती होता, ते कण्हेरखेडच्या पाटीलकीचाच अभिमान मिरवीत आणि ‘पाटीलबावा’ म्हणवून घेत.

पाटीलकी बहुधा मराठा-कुणब्यांकडे असे. परंतु लेवा, गुजर, आगरी, कोळी, माळी, जैन, लिंगायत अशा कित्येक समाजांतही ती होती. इंग्रजी अमदानीत 1874 च्या कायद्याने या वतनांना चौकट घातली गेली. पुढे शाळेच्या आणि कचेरीच्या दप्तरांत प्रत्येकास आडनाव हवेसे झाले, तेव्हा घराण्याने हुद्द्याचेच नाव लाविले. काहींनी मूळ आडनावही राखले. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये ज्यांच्या खटपटीने उभा राहिला, ते लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील याचे उदाहरण होत. कर्नाटकाचे मुख्यमंत्री झालेले वीरेंद्र पाटील लिंगायत होते. त्यांचे व आपल्याकडील पाटलांचे नाव तेवढे एक. आम्हां वसईकडील ख्रिस्ती लोकांस यात नवल वाटू नये. आमच्यातील डिसोजा आणि लोपीस ही नावे बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज पाद्र्यांची वा धर्मपित्यांची घेतलेली. तेव्हा दोन लोपीस भेटले, तर ते चुलतभाऊच असतील असे आम्हीही धरून चालत नाही.

अखेर 1962 च्या कायद्याने महाराष्ट्रातील महसुली पाटलाचा हुद्दा रद्द झाला. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्यान्वये पोलीस पाटील नेमला जाऊ लागला. पण तो सरकारनियुक्त. त्याचे आडनाव काहीही असू शकते.

हुद्दा जाण्यापूर्वीच पाटील आडनावाची माणसे निराळ्या वाटांनी निघाली होती. त्यांत मला सर्वांत मोठे वाटतात ते भाऊराव. शिक्षकी पेशातल्या माणसाचा हा पक्षपात समजावा. कुंभोजच्या जैन घरात 1887 मध्ये त्यांचा जन्म झाला. शिक्षण बेताचेच. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील खपविण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले, आणि त्या हिंडण्यात अक्षरशत्रू खेडूत त्यांनी जवळून पाहिला. 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीस जेवीत आणि अंगमेहनत करून शिकत. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र देऊन टाकिले. ज्या नावाने गावात पहिला मान घ्यावयाचा, त्याच नावाच्या माणसाने मानापमानाची पंगतच मोडून टाकिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याच सातारा भागात नाना पाटील तलाठी होते. 1930 च्या सुमारास नोकरी सोडून ते चळवळीत शिरले, आणि 1943 पासून पत्री सरकारचे नेते म्हणून भूमिगत राहिले. त्यापूर्वीच, 1928 मध्ये, सुरतेजवळच्या बारडोलीत अनेक गावपटेलांनी साराबंदीच्या लढ्यात राजीनामे दिले होते. पटेल आणि पाटील, दोघांच्याही नोकरीचा पाया सारा वसुलीच होता. तो पाया त्यांनी आपल्या हाताने काढून टाकला.

आता खानदेशाकडे वळू, कारण पांडेसऱ्यातील बहुतेक पाटील तेथलेच. 1944 साली चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. त्या प्रकरणाशी धुळ्याचे डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील यांची नावे जोडलेली आहेत. जळगाव जिल्ह्यातील नाडगावच्या प्रतिभा पाटील 1962 मध्ये आमदार झाल्या आणि 2007 ते 2012 या काळात राष्ट्रपती होत्या. ‘भूमिका’ आणि ‘उंबरठा’ यांतून स्त्रीचे मन उलगडून दाखविणारी अभिनेत्री स्मिता पाटील शिरपूरच्या घराण्यातली. तिला 31 वर्षांचेच आयुष्य लाभले.

याच खानदेशातून तापी खोऱ्याची रेल्वे सुरतेस येते. पावसावर अवलंबून असलेली जिराईत शेती, पिढ्यानपिढ्या झालेल्या वाटण्या आणि 1972 सारखे दुष्काळ, यांमुळे धुळे, नंदुरबार व जळगावकडील कुटुंबे या गाडीने उधन्यास उतरू लागली. कोणी यंत्रमागावर उभा राहिला, कोणी रंगाच्या यंत्रावर. कोणी रिक्षा चालवितो, कोणी भाजीची गाडी लावितो. बायका घरबसल्या साड्यांना लेस आणि टिकल्या लावून देतात. रंगखात्याच्या वाफेत बारा तास उभे राहणाऱ्यास पाटीलकीचे काय अप्रूप! पगाराच्या दिवशी मुकादम हाक मारील, तेव्हा तिच्यात पूर्वीचा ‘पाटील’ नसतोच.

तरीही हे शहर काहींना फार पुढे घेऊन गेले. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले चंद्रकांत रघुनाथ पाटील गुजरात पोलिसांत शिपाई होते. 2009 पासून ते नवसारी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले, आणि 2024 मध्ये केंद्रात जलशक्ती खात्याचे मंत्री झाले. शेजारच्या लिंबायतमधून 2012 साली संगीता पाटील विधानसभेवर निवडून आल्या. पाटीलकी बहुतकरून पुरुषाकडेच चालत आली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे महत्त्व कळते.

सुरतेच्या महापालिकेने मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविल्या आहेत. अशा ठिकाणी पाटलांची मुले एका वर्गात अनेक असणारच. तेव्हा नुसत्या आडनावाने हजेरी घेऊन शिक्षकाचे भागत नाही. बापाचे नाव विचारावे लागते, आणि तेही जुळले तर गाव. मग कोणी अमळनेर सांगतो, कोणी शिंदखेडे, कोणी पारोळे.