कोंबड्यांच्या खुराड्यात वाळूची गादी : कुठे चालते, कुठे नाही

परसबागेतील कुक्कुटपालनात गादीसाठी भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले वापरतात. भातपट्ट्याबाहेर तूस आणायला वाहतूक खर्च जास्त येतो, म्हणून वाळू चालेल का, असे अनेक शेतकरी विचारतात. चालते. अमेरिकेत अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठाच्या चाचण्यांत वाळूवरील ब्रॉयलर पक्ष्यांची वाढ भुशावरील पक्ष्यांच्या बरोबरीची आढळली. पण वाळू ही तुसासारखी वागत नाही, हे आधी समजून घ्यावे.

तूस विष्ठेतील ओल शोषून घेते. वाळू शोषत नाही. ओल दाण्यांमधून खाली उतरते आणि वरची विष्ठा वाऱ्याने सुकते. म्हणून जमिनीतून ओल चढत असेल, छप्पर गळत असेल किंवा पावसाची झड आत येत असेल तर वाळू टाकूच नये. कोकण आणि घाटमाथ्यावरील उघड्या बाजूंच्या शेडमध्ये पावसाळ्यात तूसच बरे. काळ्या जमिनीवर थेट टाकलेली वाळू चिखलात मिसळते. आधी मुरूम टाकून चोपून घ्यावा, शक्य असल्यास कोबा करून उतार द्यावा.

गादी ओली राहिली की सर्वांत मोठा धोका रक्ती हगवणीचा (कॉक्सिडिओसिस). विष्ठेतून पडलेली या रोगाची अंडी लगेच रोग पसरवत नाहीत. ओलावा, ऊब आणि हवा मिळाली तर ती साधारण १ ते २ दिवसांत पक्व होतात आणि मगच दुसऱ्या पक्ष्याला लागण करतात. त्यामुळे विष्ठा रोज चाळून काढणे हे वाळूच्या पद्धतीतील मुख्य काम आहे. पाव इंची जाळीची चाळण पुरते. तोंडाला रुमाल बांधावा, वाळूची बारीक धूळ फुप्फुसाला घातक असते. रोज चाळायला माणूस नसेल तर या पद्धतीच्या वाटेला जाऊ नये. ५० पक्ष्यांपर्यंत हे घरच्या घरी जमते. ५०० पक्ष्यांना चाळत बसणे परवडणारे नाही, असे माझे मत.

वाळू जाडसर, धुतलेली असावी. गिलाव्याची बारीक वाळू चिकटते. समुद्राची वाळू नको; पक्षी वाळू टिपून खातात आणि तिच्यातील मीठ त्यांच्या पोटात जाते. काचेच्या बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवावे व ठेवून द्यावे. वर बसलेला गाळाचा थर एकूण थराच्या दहाव्या भागापेक्षा जाड दिसला तर वाळू पुन्हा धुवावी. नदीतून परस्पर वाळू उचलणे बेकायदा आहे, पावतीनेच घ्यावी.

१० बाय १० फुटांच्या शेडमध्ये ३ इंच थराला २५ घनफूट म्हणजे पाव ब्रास वाळू लागते. तिचे वजन सुमारे १ टन भरते, तेवढ्याच थराचे तूस ७० ते ८० किलोत होते. लाकडी तळाच्या किंवा मचाणावरच्या खुराड्यात वाळू का नको, हे यावरून कळेल.

पिल्लांना पहिले ३-४ आठवडे तूसच ठेवावे. थंड वाळू पिल्लांच्या पायाची ऊब ओढून घेते, आणि ब्रूडरखाली पिल्ले गठ्ठ्याने एकमेकांवर चढली की मरतूक ठरलेली. मोठ्या पक्ष्यांना उलट उन्हाळ्यात सावलीतली वाळू गार लागते, तिच्यात ते अंग घोळवतात. वाळू खाऊन अंड्याच्या कवचाला लागणारे कॅल्शियम मिळत नाही, त्यामुळे शिंपल्यांचा चुरा चालूच ठेवावा.

पाण्याची भांडी विटांवर, पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवावीत. भांड्याभोवतीची वाळू मुठीत दाबली आणि गोळा झाला तर ती त्याच दिवशी काढून कोरडी भरावी. चाळलेली विष्ठा खड्ड्यात कुजवूनच शेतात टाकावी. पक्ष्यांची नवी बॅच येण्याआधी सगळी वाळू बाहेर काढून धुवावी, कडक उन्हात वाळवावी आणि तीच परत वापरावी.